पाऊस थांबला, मग नदीकाठी फिरायला हरकत काय?

प्रश्न : मी ६६ वर्षांचा आहे. रोज सकाळी मुठेच्या नदीपात्रातल्या रस्त्याने फिरतो. पाऊस उघडला तरी घरचे अडवतात. पाणी जेमतेम घोटाभर असतं आणि मला पोहता येतं. मग भीती कसली?
– एक वाचक, डेक्कन, पुणे

उत्तर : घरच्यांचं म्हणणं बरोबर आहे, पण फिरणं बंद करायची गरज नाही.

पुण्यात ऊन पडलं तरी मुठेचं पाणी वाढू शकतं. पानशेत, वरसगाव, टेमघरच्या पाणलोटात पाऊस झाला की पाणी खडकवासल्यात येतं आणि तिथून विसर्ग वाढवला जातो. हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ हजार लिटर, दहा हजार लिटरचे जवळपास तीन टँकर! म्हणून आकाशाकडे नव्हे, विसर्गाच्या बातमीकडे पाहा.

वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. गढूळ पाण्याखाली खड्डा किंवा उघडं चेंबर दिसत नाही. तिथे पोहणं कामी येत नाही. म्हणून भिडे पुलावर बॅरिकेड दिसलं की मागे फिरा.

तोवर संभाजी उद्यान किंवा हनुमान टेकडी गाठा. टेकडीवर ओल्या दगडांवरून मात्र जपून चाला. पूर ओसरल्यावरही गाळ काढून रस्ता खुला होईपर्यंत पात्रात उतरू नका. पायाला जखम असताना पुराच्या पाण्यात गेलात आणि पुढे ताप आला, तर लेप्टोस्पायरोसिसची शक्यता असते; डॉक्टरांना तसं आवर्जून सांगा. कोणी अडकलेलं दिसलं तर स्वतः उतरू नका, ११२ वर फोन करा.