घरच्या संगणकावर असेंब्ली भाषा : असेंबलरची निवड

नांदेडची श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था १९८१ साली आणि लातूरचे एम. एस. बिडवे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ साली स्थापन झाले. अशा संस्थांच्या प्रयोगशाळा सायंकाळी बंद होतात. मुखेडचा वा औशाचा विद्यार्थी एस.टी.ने गावी परततो. पुढचा सराव त्याला घरच्या संगणकावरच करावा लागतो.

संगणकाचा मायक्रोप्रोसेसर केवळ अंक जाणतो. असेंब्ली भाषेत त्या अंकांऐवजी 'मूव्ह', 'अ‍ॅड' अशी सुटसुटीत नावे लिहिता येतात. त्यांचे पुन्हा अंकांत रूपांतर करणारी आज्ञावली म्हणजे असेंबलर होय. १९८४ साली केंद्र शासनाने शाळांसाठी 'क्लास' प्रकल्प सुरू केला, तेव्हा निवडलेल्या बीबीसी मायक्रो संगणकाच्या बेसिक भाषेतच असेंबलर अंतर्भूत होता. निवडीचा प्रश्नच नव्हता!

आता तो आहे. १९७८ सालचा ८०८६ हा मायक्रोप्रोसेसर अभ्यासक्रमांत दीर्घकाळ शिकविला गेला आहे आणि त्याच्या सरावासाठी टासम हा जुना असेंबलर रूढ आहे. विद्यार्थी तो घरी नेतो, परंतु ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटची आज्ञावली चालतच नाही. संगणक बिघडला, किंवा हा विषय आपल्या आवाक्याबाहेरचा आहे, असा त्याचा समज होतो. वस्तुतः डॉसबॉक्स ही विनामूल्य आज्ञावली बसविली की अडचण दूर होते.

दुसरा पर्याय नासम. १९९६ पासून उपलब्ध असलेला हा असेंबलर विनामूल्य असून विंडोज व लिनक्स या दोहोंवर चालतो. मात्र येथे एक खाचखळगा आहे. 'मूव्ह एएक्स, पोती' असे लिहिल्यास टासम सामान्यतः 'पोती' या जागी साठविलेली संख्या उचलतो; नासम त्या जागेचा पत्ता उचलतो. संख्या हवी असल्यास नासममध्ये नाव चौकटी कंसात लिहावे लागते. म्हणजे गोदामातील पोत्यांची संख्या विचारावी आणि हाती गोदामाचा पत्ता पडावा, तसे होते. असेंबलर चूक दाखवीत नाही. केवळ उत्तर चुकते. लिनक्सवरील 'गॅस' या असेंबलरच्या रूढ पद्धतीत तर आधी कोठून आणि मग कोठे, असा उलटा क्रम असतो.

प्रस्तुत लेखकाच्या मते परीक्षा होईपर्यंत प्रयोगशाळेतीलच असेंबलर घरी डॉसबॉक्समध्ये वापरावा आणि नंतर नासमकडे वळावे. दोन्ही एकदम हाती घेणाऱ्याचा गोंधळ उडतो. अध्यापकांनी प्रात्यक्षिकाच्या पहिल्याच कागदावर असेंबलरचे नाव, आवृत्ती व घरी तो बसविण्याची रीत नमूद करावी. ग्रामपंचायतीत वा शाळेत ३२ बिट विंडोजचे जुने संगणक पडून असतील, तर ते भंगारात काढण्यापूर्वी विचार करावा. त्यांपैकी अनेकांवर टासम डॉसबॉक्सविना चालतो.

सुरुवात दोन संख्यांच्या बेरजेने करावी. टर्बो डीबगरमध्ये एकेक आज्ञा चालवून एएक्समधील आकडा कसा बदलतो, ते पाहावे. उत्तर पडद्यावर छापण्याची घाई नको. ८०८६ वर ते काम बेरजेहून बरेच कठीण आहे.