कागद, सही आणि मुदत

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिच्यात अनुभवाचे शहाणपण आहे यात शंका नाही. परंतु तिचा एक भलताच अर्थ आपल्याकडे रूढ झाला आहे. तो असा की, कायदा ही वकिलांची बाब असून सामान्य माणसाने तिकडे पाहण्याचे कारण नाही. वस्तुतः ज्याला कोर्टाची पायरी टाळावयाची आहे, त्यालाच कायद्याच्या प्राथमिक माहितीची गरज अधिक.

मी कला शाखेचा विद्यार्थी आहे, कायद्याचा नव्हे. मात्र दोन उन्हाळी सुट्ट्यांत मी तालुक्याच्या गावी एका दिवाणी वकिलांच्या कार्यालयात कागदपत्रे लावून ठेवण्याचे काम केले. तेथे येणाऱ्या पक्षकारांपैकी पुष्कळांची बाजू खरी होती. पण ती खरी असल्याचे दाखविणारे काही त्यांच्या हाती नसे, किंवा असले तरी वेळ निघून गेलेली असे. तेथे मनावर ठसलेल्या चार गोष्टी प्रस्तुत लेखात मांडतो.

१. हातउसने पैसे

भारतीय करार कायदा, १८७२ नुसार तोंडी करारही करारच असतो. दोन्ही पक्ष सज्ञान असावेत, संमती मोकळेपणाने दिलेली असावी आणि हेतू कायदेशीर असावा, म्हणजे झाले. अडचण येते ती पुराव्याची आणि मुदतीची.

मुदत कायदा, १९६३ प्रमाणे उसन्या रकमेच्या वसुलीचा दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. परतफेडीची तारीख ठरलेली नसेल, तर ही तीन वर्षे रक्कम दिल्या दिवसापासून मोजतात. मागणी केल्यापासून नव्हे. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही, तरीही न्यायालयाला मुदतबाह्य दावा फेटाळावाच लागतो.

एक निवृत्त शिपाई या कार्यालयात आले होते. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी एका परिचिताला ऐंशी हजार रुपये दिले होते. वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, “काका, पैसे कधी दिलेत?” उत्तर आले, “झाली असतील चार वर्षं. पण तो नाही म्हणत नाही हो, देतो म्हणतो.” हे ‘देतो’ कागदावर कोठेच नव्हते. मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने ‘इतके देणे लागतो’ असे लिहून सही केली असती, तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षे मिळाली असती. मुदत उलटल्यानंतरही एक वाट उरते. ऋणकोने जुने देणे फेडण्याचे लेखी वचन सही करून दिले, तर करार कायद्याच्या कलम २५ नुसार ते बंधनकारक ठरते. वकिलांनी काकांना तसा कागद आणावयास सांगितले. तो त्यांना मिळाला नाही.

आता पैसे बहुधा बँकेतून वा मोबाइलवरून दिले जातात. त्याने पैसे गेल्याचे दिसते. ते उसने दिले, देणे फेडले की भेट म्हणून दिले, हे दिसत नाही. म्हणून दोन ओळींची सही केलेली चिठ्ठी आजही हवीच.

२. जमीन आणि घर

सातबाऱ्यावर नाव लागले की मालकी पक्की झाली, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. सातबारा हा महसुली अभिलेख होय. उलट सिद्ध होईपर्यंत त्यातील नोंद खरी मानली जाते. पण केवळ फेरफार झाल्याने मालकी निर्माण होत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ नुसार शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. मुद्रांकावर लिहून नोटरीचा शिक्का मारला म्हणजे नोंदणी झाली असे नव्हे. नोंदणी दुय्यम निबंधकाकडेच व्हावी लागते.

बाहेरगावाहून येऊन खोली घेऊन राहणाऱ्या मित्रांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. असा करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

३. छोटा धंदा

दोघे मित्र मिळून दुकान काढतात. भागीदारीची नोंदणी मात्र करीत नाहीत. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ नुसार नोंदणी सक्तीची नाही, हे खरे. पण त्याच कायद्याचे कलम ६९ सांगते की, नोंदणी नसलेल्या पेढीला करारातून आलेल्या हक्कासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. दुसऱ्याला मात्र त्या पेढीवर दावा लावता येतो! म्हणजे देणे द्यावे लागेल, पण येणे अडकून पडेल. उधारीच्या वहीचेही तसेच. वहीतील नोंद पुराव्यात येते, परंतु केवळ तेवढ्यावर कोणावरही देण्याची जबाबदारी लादता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातील हे तत्त्व १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. म्हणून माल देताना पावतीवर सही घ्यावी.

४. वकील परवडत नसेल तर

“हे सारे पैसेवाल्यांसाठी आहे,” असे कोणी म्हणेल. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-क घातला गेला आणि मोफत विधी साहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरले. त्यासाठीचा विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ हा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार व अटकेतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. त्यासाठी जिल्हा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे अर्ज करावयाचा असतो. १५१०० या दूरध्वनी क्रमांकावरही माहिती मिळते. याच कायद्याखाली भरणाऱ्या लोकअदालतीत तडजोड झाल्यास तिच्यावर अपील नाही, आणि चालू दाव्यात भरलेले न्यायालय शुल्कही परत मिळते.

आपण पदवीधर होऊ. आपल्यातील कित्येकांच्या घरी सही करू शकणारी ही पहिलीच पिढी असेल. घरातला प्रत्येक कागद आपल्यापुढे येईल आणि “वाचून सांग” असे सांगितले जाईल. तेव्हा तीन गोष्टी अवश्य पाहाव्यात : व्यवहार कागदावर आहे काय, त्यावर योग्य माणसाची सही आहे काय, आणि मुदत केव्हा संपते. शंका आल्यास मुदत उलटण्याआधी वकिलाला विचारावे. एवढी सवय वाचकांपैकी काहींना लागली, तरी या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.