व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरची निवड : आधी स्पीकर, मग वॅट

ज्या घरांत एकेकाळी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, तेथील ज्येष्ठांना त्याची रीत आठवत असेल. बटण फिरवल्यावर काही क्षण शांतता, मागच्या बाजूस मंद तांबूस उजेड आणि मग हळूहळू वर येणारा आवाज. १९०४ मध्ये जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांनी दोन विद्युदग्रांचा व्हॉल्व्ह तयार केला. पुढे ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तिसरे विद्युदग्र बसवले आणि क्षीण विद्युतसंकेत मोठा करण्याचा मार्ग खुला झाला. १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि त्यानंतर घरगुती यंत्रांतून व्हॉल्व्ह क्रमाक्रमाने मागे पडला. संगीतरसिकांनी मात्र त्याची साथ पूर्णपणे कधीच सोडली नाही. आजही स्लोव्हाकिया, रशिया व चीन येथे नवे व्हॉल्व्ह तयार होतात आणि त्यांवर चालणारे ॲम्प्लिफायर आपल्या देशातही विकत मिळतात.

परंतु ही खरेदी लहान नव्हे. अनेकदा ती निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतून किंवा वर्षानुवर्षांच्या बचतीतून होते. म्हणून कर्जप्रस्तावाची छाननी करताना आपण जी शिस्त पाळतो, तीच येथेही पाळणे हितावह ठरते.

व्हॉल्व्हचा गोडवा म्हणजे काय?

व्हॉल्व्हमधील तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात व ॲनोडकडे ओढले जातात. वाटेतील ग्रिड नावाची जाळी हा प्रवाह कमी-अधिक करते. ग्रिडवरील अल्पशा बदलाने ॲनोडकडील प्रवाहात मोठा बदल घडतो आणि संकेताचे वर्धन होते. हा प्रवाह थेट स्पीकरला देता येत नाही, कारण व्हॉल्व्हचे काम उच्च व्होल्टेज व अल्प प्रवाहावर चालते, तर स्पीकरला कमी व्होल्टेज व अधिक प्रवाह हवा असतो. ही सांगड आउटपुट ट्रान्सफॉर्मर घालतो. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर जड व महाग असण्याचे हे एक प्रमुख कारण. चांगल्या आणि सामान्य यंत्रांतील फरकही बहुधा याच भागात दडलेला असतो.

कोणतेही वर्धन मूळ संकेतात थोडीफार भर घालतेच. एका व्हॉल्व्हवर चालणाऱ्या ‘सिंगल एंडेड’ रचनेत ही भर मुख्यतः दुपटीच्या कंपनसंख्येची असते. संगीताच्या भाषेत बोलायचे तर मध्य षड्जाबरोबर तार षड्जाची हलकी छाया मिसळते. ती कानाला खटकत नाही, उलट आवाज भरीव वाटतो. मोजमापाच्या कसोटीवर मात्र आजचा चांगला ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर अधिक अचूक असतो. तेव्हा अधिक शुद्ध ध्वनीसाठी व्हॉल्व्ह घ्यावा, हा समज योग्य नाही. त्याचा विशिष्ट पोत आवडत असेल, तरच तो घ्यावा.

वॅटचा हिशेब

परिचयातील एका निवृत्त गृहस्थांनी आठ वॅटचा उत्तम ॲम्प्लिफायर घेतला व तो घरातील लहान स्पीकरना जोडला. आलाप सुरेख वाजत असे, पण तबला जोरात आला की थाप फाटल्यासारखी ऐकू येई. यंत्रात दोष नव्हता. दोष जोडीत होता.

प्रत्येक स्पीकरच्या माहितीपत्रकात ‘सेन्सिटिव्हिटी’ हा आकडा दिलेला असतो. एक वॅट शक्ती दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल ध्वनी निर्माण होतो, हे तो सांगतो. येथे एकच नियम लक्षात ठेवावा : ध्वनी तीन डेसिबलने वाढवायचा तर वॅट दुप्पट लागतात आणि दहा डेसिबलने वाढवायचा तर दसपट.

समजा, मध्यम आकाराच्या खोलीत संगीताच्या जोरकस जागांसाठी ९५ डेसिबलची तयारी हवी आहे. अंतरामुळे होणारी घट दोन स्पीकर आणि भिंतींवरून परतणारा ध्वनी बऱ्याच अंशी भरून काढतात, म्हणून ढोबळ हिशेब एका मीटरचाच धरू. स्पीकर ९५ डेसिबलचा असेल तर एक वॅट पुरेसा आहे. ८९ डेसिबलचा असेल तर चार वॅट लागतील आणि ८३ डेसिबलचा असेल तर सोळा. वरील गृहस्थांचे स्पीकर या शेवटच्या गटातील होते. गरज सोळाची व तरतूद आठची, अशी ती तूट होती.

याची दोन टोके प्रसिद्ध आहेत. बीबीसीने आपल्या कामासाठी विकसित केलेला एलएस ३/५ए हा छोटा स्पीकर सुमारे ८३ डेसिबलचा. उलट अमेरिकेतील पॉल क्लिप्श यांचा कोपऱ्यात ठेवायचा ‘क्लिप्शहॉर्न’ निर्मात्यांच्या आकड्यानुसार १०५ डेसिबलचा. हा फरक २२ डेसिबलचा, म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी पहिल्याला सुमारे दीडशेपट शक्ती लागते. स्पीकर ठरल्याशिवाय ‘किती वॅट पुरेत?’ या प्रश्नाला उत्तर नाही, ते यामुळेच.

प्रमुख पर्याय

सिंगल एंडेड रचनेत २ए३ हा व्हॉल्व्ह सुमारे साडेतीन वॅट, तर ३००बी सुमारे आठ वॅट देतो. दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने भार उचलतात त्या ‘पुश-पुल’ रचनेत ईएल ८४ ची जोडी साधारण १० ते १५ वॅट, ईएल ३४ ची जोडी ३० ते ३५ वॅट आणि केटी ८८ ची जोडी ५० वॅट किंवा अधिक देते. आपल्याकडील बहुतेक घरांत ८५ ते ८९ डेसिबलचे स्पीकर असतात. त्यांना ईएल ८४ किंवा ईएल ३४ ची पुश-पुल रचना अनुरूप ठरते. ३००बी ची कीर्ती मोठी असली, तरी त्यासाठी ९२ डेसिबलच्या पुढील स्पीकर असावा.

आवर्ती खर्च

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पहिला धडा मिळतो तो भांडवली व आवर्ती खर्चातील फरकाचा. व्हॉल्व्ह झिजतात. आउटपुट व्हॉल्व्हचे आयुष्य ढोबळमानाने २,००० ते २,५०० तास धरावे. लहान व्हॉल्व्ह बरेच अधिक टिकतात. दररोज तीन तास ऐकल्यास वर्षाचे सुमारे १,१०० तास होतात, म्हणजे दोन वर्षांनी नवा संच लागेल. उदाहरणार्थ, चार व्हॉल्व्हच्या संचाची किंमत १२,००० रुपये धरल्यास दरमहा ५०० रुपयांची तरतूद हवी. यंत्र २०० वॅट वीज घेत असेल, तर दररोज तीन तासांप्रमाणे महिन्याला १८ युनिट होतात. दहा रुपये दराने त्याचे १८० रुपये. अशा रीतीने दरमहा ६८० रुपये, म्हणजे दहा वर्षांत ८१,६०० रुपये. किंमतपत्रकात हा आकडा कोठेही छापलेला नसतो.

सुरक्षितता

या यंत्रात ३०० ते ४५० व्होल्टचा दाब असतो आणि बंद केल्यानंतरही तो कपॅसिटरमध्ये काही काळ टिकून राहतो. झाकण स्वतः उघडू नये. काचेचा पृष्ठभाग हात भाजेल इतका तापतो. लहान मुलांच्या घरात संरक्षक जाळी आवश्यक समजावी आणि यंत्र बंदिस्त कपाटात ठेवू नये. अर्थिंगसह तीन पिनांचीच जोडणी करावी. स्पीकर न जोडता यंत्र कधीही सुरू करू नये, कारण त्यामुळे आउटपुट ट्रान्सफॉर्मर निकामी होऊ शकतो.

खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. माझ्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी किती आणि त्यानुसार किती वॅट लागतील?
२. स्पीकर जितक्या ओहमचा आहे, त्यासाठीची जोडणी यंत्रावर आहे काय?
३. यंत्र २३० व्होल्टसाठी बनवले आहे काय? जपानमध्ये १०० व अमेरिकेत १२० व्होल्टचा पुरवठा असतो, त्यामुळे तिकडून आणलेले यंत्र येथे थेट जोडता येत नाही.
४. व्हॉल्व्ह बदलल्यावर ‘बायस’ जुळवावा लागतो की तो आपोआप जुळतो?
५. दुरुस्ती आपल्या शहरात होते काय? व्हॉल्व्हची हमी बहुधा यंत्राच्या हमीहून कमी मुदतीची असते, ती किती?
६. आपल्याच स्पीकरवर, आपल्या आवडीचे संगीत लावून ऐकण्याची संधी विक्रेता देईल काय?

या सहांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आल्यास घाई करू नये. छंदासाठी कर्जाचा हप्ता डोक्यावर घेण्यापेक्षा अपेक्षित रकमेची आवर्ती ठेव सुरू करावी. तिची मुदत पूर्ण होईपर्यंत निरनिराळे स्पीकर व यंत्रे ऐकून कान तयार करण्यास पुरेसा अवधी मिळतो आणि खरेदीच्या दिवशी रक्कम व निर्णय दोन्ही सिद्ध असतात.