सामान्य माणसांच्या आत्मकथा व लेखनाचा एक पाठ
(इयत्ता चौथी व पाचवीच्या शिक्षकांसाठी)

थोर पुरुषांची चरित्रे मुलांपुढे ठेवावीत, हा आपल्या शाळांचा जुना परिपाठ आहे व तो योग्यच आहे. परंतु केवळ तेवढीच चरित्रे वाचणाऱ्या मुलाच्या मनात एक चुकीची समजूत हळूहळू घर करते. पुस्तकात यावयाचे ते राजे, सेनापती आणि पुढारी. आपली आई, आपला आजा, आपली वस्ती यांच्याविषयी लिहिण्याजोगे काही नसते, असे त्याला वाटू लागते. ही समजूत दूर करू शकतील असे ग्रंथ मराठीत विपुल आहेत. शिक्षकाने ते प्रथम स्वतः वाचावेत. त्यांच्या आधारे लेखनाचा पाठ कसा घ्यावा, याचा विचार येथे केला आहे.

१. ग्रंथपरिचय

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे शालेय शिक्षण झाले नव्हते. लिहिणेवाचणे त्या लग्नानंतर घरीच शिकल्या. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली. घरात बोलावे तशी त्यांची सरळ व मिस्किल भाषा वाचताना ग्रंथ वाचत असल्याचा भास होत नाही; कोणी समोर बसून सांगत आहे असेच वाटते.

पुढे ज्यांच्या घरात पुस्तक कधी आलेच नव्हते, अशा समाजांतील माणसे लिहू लागली. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली व लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली निघाले. गाढवाच्या पाठीवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबातील मुलाचे शिक्षण कसे होते, हे ‘उपरा’ वाचून कळते. शाळेत न टिकणाऱ्या मुलांची चिंता करणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने ते वाचावे. फलटणच्या बेबी कांबळे यांनी लहानसे दुकान सांभाळून, घरच्यांच्या नकळत लेखन केले. त्यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले. शीर्षकात ‘माझं’ नसून ‘आमुचं’ आहे, हे ध्यानात घ्यावे. एका बाईच्या तोंडून तेथे सगळी वस्ती बोलते.

२. एका शीर्षकाचा विचार

याच वर्षी शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. हे शीर्षक एखाद्या मुलाने वहीत लिहिले असते, तर काय झाले असते? ‘माज्या’खाली तांबडी रेघ, ‘जल्मा’खाली तांबडी रेघ आणि बाजूला शुद्ध शब्द! आता लेखिकेचा परिचय पाहावा. शांताबाईंचा जन्म १९२३ साली सोलापूर जिल्ह्यातील महूद येथे झाला. अस्पृश्यतेमुळे त्यांना बालपणी वर्गाबाहेर बसावे लागले. १९४२ मध्ये त्या सोलापूर जिल्हा बोर्डाच्या शाळेत शिक्षिका झाल्या. पुढे पुण्यास प्रशिक्षण घेऊन त्यांनी जत तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून काम केले. म्हणजे ‘माझ्या’ आणि ‘जन्म’ हे शब्द त्यांनी स्वतः फळ्यावर लिहून शिकविलेले होते. तरीही आपली हकीकत सांगताना त्यांनी घरचा शब्द ठेवला. तो अज्ञानाने राहिला नाही. जे जगणे सांगावयाचे, ते ज्या भाषेत जगले गेले, तीच भाषा त्यांना खरी वाटली, असे म्हणावयास हरकत नाही.

मग शाळेत प्रमाणभाषा शिकवू नये काय? अवश्य शिकवावी. पुढील शिक्षणाची वाट तीतूनच जाते. तथापि, ती शिकविताना मुलाच्या घरची बोली खोटी ठरविण्याचे कारण नाही. या दोन्हींचा मेळ पुढील पाठात घालता येतो.

३. पाठाची योजना

पहिला तास : वरीलपैकी एखाद्या पुस्तकातील, मुलांना झेपेल असा निवडक भाग शिक्षकाने सावकाश वाचून दाखवावा. त्यानंतर घरी कोणाला काय विचारावे, याची चर्चा करावी. ‘तुमचे जीवन कसे गेले?’ असा मोघम प्रश्न देऊ नये. ‘लहानपणी पाणी कोठून आणत होता?’, ‘पहिली कमाई किती व कशाची?’, ‘१९७२ च्या दुष्काळात काय खाल्ले?’ अशा नेमक्या प्रश्नांना नेमकी उत्तरे मिळतात.

घरचे काम : घरातील अथवा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसाची एक आठवण ऐकून लिहावी. सांगणाऱ्याची दोन-तीन वाक्ये जशीच्या तशी अवतरणचिन्हात द्यावीत. उदाहरणार्थ : दुष्काळात आजी कामावर जात होती. ती म्हणाली, “खडी फोडून हाताला घट्टं पडल्यालं. सुकडीवर दिस काढलं.”

दुसरा तास : लेखन तपासावे. अवतरणचिन्हाबाहेरील वाक्य मुलाचे. तेथे शुद्धलेखन, विरामचिन्हे व वाक्यरचना नेहमीप्रमाणे पाहावी. अवतरणचिन्हातील शब्द आजीचे. तेथे शिक्षकाने तांबडी शाई नेऊ नये. दुसऱ्याचे बोलणे बदलण्याचा अधिकार आपल्याला नाही, हा विरामचिन्हाचा नियम मुलाला येथे आपोआप उमगतो.

४. सावधगिरी

कोणत्याही मुलास घरचे दुःख अथवा दारिद्र्य वर्गापुढे वाचावयास भाग पाडू नये. जातीचा किंवा व्यवसायाचा उल्लेख हसण्याचा विषय होत असेल, तर शिक्षकाने वाचन तेथेच थांबवून ती वेळ सावरावी. लिहिलेला मजकूर सांगणाऱ्यास वाचून दाखवावा व त्याच्या संमतीनेच वर्गात ठेवावा. घरी माणूस नसल्यास गावातील कुंभार, गवंडी वा शाळेतील स्वयंपाकीण यांची हकीकत चालेल.

वर्षअखेर ही पाने शिवून त्यांची एक वही करावी व ती शालेय ग्रंथालयात चरित्रांच्याच कप्प्यात ठेवावी. मग ज्या आजीला अक्षरओळख नाही, तिला एके दिवशी शाळेत बोलवावे आणि नातवाने ते पान तिला वाचून दाखवावे. आपलाच शब्द पुस्तकातून परत ऐकू आला, म्हणजे ही शाळा आपलीही आहे, हे तिला निराळे सांगावे लागणार नाही; आणि नातवालाही.