घरचा मसाला चहा: एक कप केवढ्याला पडतो?

मसाला चहा खर्चिक, अशा समजुतीने कितीतरी घरांत वेलचीची बरणी पाहुणे आले तरच खाली उतरते. एकदा हिशेब मांडून बघा. दोन कपांसाठी दीडशे मिली गाईचं दूध, लिटरला ६० रुपये धरले तर ९ रुपये. दोन सपाट चमचे म्हणजे पाचेक ग्रॅम चहा पावडर, किलोला ५००च्या भावाने अडीच रुपये. साखर पाऊण रुपया, आल्याचा लहानसा तुकडा पाऊण रुपया, दोन वेलदोडे फार तर दोन रुपये, दहा मिनिटांचा गॅस दीड रुपया. बेरीज साडेसोळा, म्हणजे कप सव्वाआठ रुपयांना. यात आलं-वेलचीचा वाटा कपामागे दीड रुपयाही नाही. निम्म्याहून जास्त पैसे दुधात जातात.

भाव शहरागणिक आणि हंगामागणिक हलतात, आल्याचे तर फारच. आपल्या दुकानातले आकडे घालून हाच हिशेब पुन्हा करावा. तात्पर्य मात्र बदलत नाही: चहा पावडर आणि मसाला यांत काटकसर करून हाती काही लागत नाही आणि चव तेवढी जाते.

पावडरीचंच बघा. चारशेची पावडर सोडून सहाशेची घेतली, तर कपामागे फक्त पन्नास पैसे वाढतात. दूध-मसाल्याच्या चहाला लागते ती दाणेदार सीटीसी पावडर. चिरडणे, फाडणे आणि वळवणे अशा तीन क्रिया एकाच यंत्रात करणारी ही पद्धत १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला आसामात निघाली. पान पार चिरडलेलं असल्यामुळे रंग आणि कडकपणा झटकन उतरतो आणि दूध घातल्यावरही चहा पुळचट होत नाही. आसामची पावडर कडक, निलगिरीची सुवासाला बरी पण अंगाने हलकी. दार्जिलिंगचा महागडा पानांचा चहा मसाल्यात घालू नये. त्याचा नाजूक वास आल्यापुढे टिकतच नाही, पैसे वाया. सुटा चहा विकणाऱ्या दुकानात दाणेदार आणि बारीक डस्ट मिसळून मिळते. दाणेदारने स्वाद येतो, डस्टने रंग. दोन-तीन प्रकारांची शंभर-शंभर ग्रॅमची पुडी न्यावी, आवडेल ती ठरवावी आणि मगच किलो घ्यावा.

मसाला-चहाच्या डिप पिशव्यांचा भाव मात्र डोळे उघडून बघावा. पंचवीस पिशव्यांचा पन्नास ग्रॅमचा डबा दीडशेला घेतला, तर किलोला ३,००० रुपये पडले. प्रवासात ठीक, रोजच्या घरात नाही. पाकिटावर छापील किमतीबरोबर ग्रॅममागे किंमत किती तेही छापलेलं असतं. तुलना त्या आकड्यावर करावी, डब्याच्या आकारावर नाही.

आता वेलची. मसाल्यात खरी महाग तीच: किरकोळीत किलोला तीन ते साडेचार हजार. केरळातल्या इडुक्कीच्या डोंगरांत तिचं मोठं पीक येतं आणि तमिळनाडूत बोडिनायकनूरला लिलाव होतात. आठ मिलिमीटरचा टपोरा हिरवागार दाणा सगळ्यांत महाग, पण चहासाठी त्याची गरज नाही. मध्यम आकाराची, जरा फुटकी वेलची स्वस्त मिळते आणि चहात तितकीच उतरते. बघायचं ते आतलं: एक वेलदोडा सोलावा, दाणे काळे आणि बोटाला किंचित चिकटणारे हवेत. तपकिरी, सुके, सुटे पडणारे दाणे म्हणजे जुना माल. वेलदोडा कोमट पाण्यात टाकल्यावर पाणी हिरवं झालं, तर तो रंगवलेला आहे. श्रीखंडाला किंवा पुरणाला वेलची सोलली की सालं चहाच्या डब्यात टाकायची आपल्या घरांतली जुनी सवय आहे, ती अगदी योग्य. पावडरीला आठवड्याभरात वास धरतो आणि त्याचा खर्च शून्य.

दालचिनीत दोन जाती मिसळून विकल्या जातात. जाड, खडबडीत, एकाच सालीची ती कॅशिया, किलोला साधारण चारशे-पाचशे. पातळ पापुद्र्यांची सुरळी असलेली, बोटांनी चुरणारी ती खरी दालचिनी, भाव दुपटीहून जास्त. कडक चहाला कॅशियाही चालते, फक्त खऱ्या दालचिनीच्या भावात कोणी गळ्यात मारू नये. लवंग पाण्यात टाकून बघावी. तेल काढून घेतलेली लवंग तरंगते, चांगली बुडते. मिरीत पपईच्या बिया मिसळल्या असतील तर त्या अशाच वर येतात. जायफळ आणि मिरी कोकणात पिकतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने जायफळाची ‘कोकण सुगंधा’ आणि दालचिनीची ‘कोकण तेज’ अशा जातीही दिल्या आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे जाणं झालं तर चार जायफळं तिथूनच आणावीत, वर्षाची बेगमी होते. एरवी मुंबईत लालबागची मसाला गल्ली किंवा मशीद बंदर, पुण्यात रविवार पेठ, नागपुरात इतवारी. घेताना पन्नास-शंभर ग्रॅमच घ्यावं. स्वस्त मिळाला म्हणून किलोभर भरलेला मसाला सहा महिन्यांत उडून जातो.

तयार चहा मसाला घ्यावा का? घरी शंभर ग्रॅम करायचा तर सुंठ ५० ग्रॅम, वेलची २०, मिरी १०, दालचिनी १०, लवंग ५ आणि पाव जायफळ. खर्च सव्वाशेच्या आसपास. बाजारातला शंभर ग्रॅमही सव्वाशे ते दोनशेला मिळतो, तेव्हा घरचा फार स्वस्त पडतो असं म्हणता येणार नाही. फरक आत काय आहे याचा. पाकिटावरचे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. सुंठ-मिरी पुढे आणि वेलची शेवटून दुसरी असेल, तर आपण मुख्यतः सुंठीचे पैसे देतो आहोत. घरचा मसाला दोन कपांना पाव चमचा पुरतो, म्हणजे साठ-पासष्ट पैशांचा. सुंठ आधी खलबत्त्यात फोडून घ्यावी, नाहीतर मिक्सरचं पातं जाईल.

ताजं आलं घालणार असाल तर ते नेहमी पाण्यात आधी उकळावं. कच्च्या आल्यात दूध फाडणारं एक विकर असतं. उकळीने ते निकामी होतं, आणि आलं दुधानंतर घातलं की चहा नासतो तो त्यामुळेच. दोन कपांना दोनशे मिली पाणी, आलं ठेचून, गवती चहाची दोन पाती. दोन मिनिटं खळखळू द्यावं. मग पावडर आणि साखर, आणखी मिनिटभर. दूध घालून चहा दोनदा वर येऊ द्यावा. वेलची अगदी शेवटी, सालासकट ठेचून, गॅस बंद करताना. वर मिनिटभर झाकण. पुण्याच्या अमृततुल्यात पितळी पातेल्याशेजारी खलबत्ता सतत चालू दिसतो तो याचसाठी: ऐनवेळी ठेचलेल्या वेलचीचा वास आधी दळून ठेवलेल्या पुडीला येत नाही. गुळाचा चहा असेल तर गूळ भांडं उतरवल्यावर घालावा.

भांड्यांवर फार खर्च नको. दांड्याचं स्टीलचं पातेलं, स्टीलची गाळणी आणि दोन-तीनशेचा लहान खलबत्ता पुरे. गवती चहाचं रोप कुंडीत लावलं की दर आठवड्याची जुडी विकत आणायला नको. पाती बुडापासून चार बोटं वर कापावीत म्हणजे पुन्हा फुटतात.

पावडर रंगवलेली वाटली तर ओल्या पांढऱ्या टिपकागदावर चिमूटभर पसरून थोड्या वेळाने झटकावी. चांगल्या पावडरीचा डाग नावापुरता पडतो, रंगवलेलीचा लालसर-काळा ठिपका राहतो. लोहचुंबक फिरवला तर लोखंडाचा कीसही कळतो. वजनात किंवा छापील किमतीत दुकानदार ऐकत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. बिल जपून ठेवलेलं असावं.

चौघांच्या घरात दिवसाला आठ कप धरले, तर महिन्याचे २४० कप आणि खर्च दोन हजारांच्या घरात. त्यात चहा पावडर ६०० ग्रॅम, ३०० रुपयांची. खर्च आटोक्यात आणायचाच असेल तर दोन कपांना दीडशेऐवजी शंभर मिली दूध घालून बघावं आणि तेवढं पाणी वाढवावं. महिन्याला ३६० रुपये वाचतात, पावडरीच्या अख्ख्या बिलाहून जास्त, आणि आलं-वेलचीही जास्त लागते जिभेला.