गडी, सोंगटी आणि पात्र : खेळातील मरणाचा एक तौलनिक विचार

१

चंडीगडच्या आसपासच्या गावांत मेळ्याच्या निमित्ताने होणारे कबड्डीचे सामने पाहणाऱ्या मराठी माणसाला एक गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. तेथे कोणी मरत नाही. पंजाबच्या वर्तुळाकार मैदानावर चढाई करणारा 'धावी' आणि त्याला रोखणारा 'जाफी' यांची झुंज होते, एका पक्षाच्या नावावर गुण लागतो आणि दोघेही पुढच्या चढाईसाठी आपापल्या जागी परततात. महाराष्ट्रातील हुतूतूत मात्र बाद झालेला गडी 'मरतो', रेषेबाहेर जाऊन बसतो, आणि आपल्या पक्षाने समोरचा गडी मारला म्हणजे 'जिवंत' होऊन आत येतो. भारतीय कबड्डीचे जे प्रकार सांगितले जातात त्यांची नावेच या दृष्टीने बोलकी आहेत. मेलेला गडी परत येतो तो संजीवनी. सारा पक्ष बाद होईपर्यंत त्याला बाहेरच बसावे लागते तो गामिनी. आणि बाद झालेला गडी मैदान सोडतच नाही, केवळ गुण मोजला जातो, तो अमर. पंजाबची वर्तुळातील कबड्डी या शेवटच्या प्रकाराच्या जवळची आहे.

मरणाला पुनरुज्जीवन असावे, मरण अंतिम असावे, की मरण नसावेच, हे तीन पर्याय खेड्यातील मैदानावर फार पूर्वीच मांडले गेले होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत उदयास आलेल्या एका मेजावरच्या कथनखेळात हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला; पण तेथे मरणारा केवळ गडी नसतो. तो एका कथेतील पात्र असतो. त्यामुळे हा प्रश्न क्रीडाशास्त्राच्या कक्षेतून निघून साहित्यविचाराच्या कक्षेत येतो. प्रस्तुत लेखात त्याचा याच दृष्टीने विचार करावयाचा आहे.

२

मराठीतील खेळांची परिभाषा मरणाने भरलेली आहे. सोंगटी मारतात, प्यादे मारतात, गडी मारतात. मात्र या मारण्याचे अर्थ एक नाहीत. सोंगट्यांच्या पटावर मारलेली सोंगटी नष्ट होत नाही. तिला आरंभापासून पुन्हा वाट चालावी लागते. तिचे मरण म्हणजे केलेला प्रवास वाया जाणे. बुद्धिबळात मारलेला मोहरा डाव संपेपर्यंत परत येत नाही, राजाला तर कोणी मारीतच नाही. त्याच्यावर मात होते. मोक्षपटावर सापाने गिळलेली सोंगटी खालच्या घरात उतरते. तेथे मरण हे बाहेर जाणे नसून खालच्या पायरीवर पुन्हा जन्मणे आहे.

या सर्व खेळांत एक गोष्ट समान आहे. सोंगटीला चरित्र नसते. चार सोंगट्यांपैकी कोणती मेली याला हिशेबापलीकडे महत्त्व नाही, आणि ती मेली म्हणून खेळणाऱ्याला पटावरून उठावे लागत नाही. हुतूतूत याच्या उलट स्थिती असते. तेथे खेळणारा स्वतःच सोंगटी असतो. ती मेली की तोच बाहेर बसतो.

या संदर्भात मुलांच्या खेळातील एका संस्थेकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. ती म्हणजे 'लिंबूटिंबू'. धाकटे भावंड रडू नये म्हणून त्याला खेळात घेतात. ते धावते, ओरडते, पण त्याला कोणी बाद करीत नाही, आणि केले तरी ते मोजीत नाही. काही दिवस त्या मुलाला याचा आनंद वाटतो. पुढे एके दिवशी ते रुसून बसते आणि आपल्यालाही खरे राज्य द्यावे म्हणून हट्ट धरते. ज्याला मरण नाही त्याचे खेळणे कोणी खेळणे मानीत नाही, हे त्याच्या ध्यानात आलेले असते. बाहेर बसलेला गडी आणि लिंबूटिंबू ही खेळातील दोन टोके होत. एकाला मरणाने खेळाबाहेर काढले आहे, दुसऱ्याला मरणाच्या अभावाने.

३

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. त्याची मुळे मेजावरच्या युद्धखेळांत होती. त्या खेळांत एक बाहुली म्हणजे एक तुकडी किंवा एक सैनिक असे. नव्या खेळाने केलेला फरक वरवर लहान, पण परिणामाने फार मोठा होता. येथे प्रत्येक खेळाडूने एकच व्यक्ती आपली मानावयाची, तिला नाव द्यावयाचे, तिच्या वतीने बोलावयाचे, आणि तीच व्यक्ती घेऊन आठवड्यामागून आठवडे बैठकीस यावयाचे. एकजण सूत्रधार होतो. तो जग, संकटे आणि इतर पात्रे यांचे वर्णन करतो. ज्या कृतीचा परिणाम अनिश्चित, तिचा निर्णय फासा करतो. येथे पाठ करण्याची संहिता नसते आणि प्रेक्षकही नसतात. बोलणारे तेच ऐकणारे.

थोडक्यात, सोंगटीला चरित्र प्राप्त झाले. नियम मात्र सोंगटीचेच राहिले. आरंभीच्या नियमांनुसार पात्राच्या प्राणशक्तीचा आकडा शून्यावर आला की ते मेले. एका सायंकाळी जन्मलेले पात्र त्याच सायंकाळी मेले तर फारसे बिघडत नसे. पण समजा, वर्षभर सांभाळलेले एखादे पात्र, ज्याचे वैर आणि वचने साऱ्या मेजाला पाठ झाली आहेत, ते एका पेटीच्या कुलपाला लावलेल्या विषाने, एका वाईट फाशामुळे मेले. आणि ते ज्याचे होते तो खेळाडू उरलेले तीन तास इतरांकडे पाहत बसला. येथे दोन मरणे एकाच वेळी घडली आहेत. पात्र कथेतून गेले आणि गडी मैदानातून गेला. प्रस्तुत विषयातील बहुतेक गोंधळ या दोन मरणांत भेद न केल्यामुळे होतो.

४

नियमांचा पुढील इतिहास म्हणजे या दोन मरणांची फारकत करण्याचा प्रयत्न होय. १९७९ च्या सुधारित नियमांत शून्यावर आलेले पात्र बेशुद्ध पडू लागले आणि उणे दहापर्यंत घसरल्यावर मरू लागले. म्हणजे सोबत्यांना धावून जाण्यास अवधी मिळाला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत कोसळलेल्या पात्राचा खेळाडू आपल्या प्रत्येक पाळीला फासा टाकतो. तीन यशे आधी आली तर पात्र तगते, तीन अपयशे आधी आली तर मरते. यात पात्राला मिळालेल्या सवलतीपेक्षाही अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, मरणाच्या दारातही फासा त्याच खेळाडूच्या हाती राहिला. मरण ही एक घटना होती. तिचा प्रसंग झाला.

इतर रचनाकारांनी निराळ्या वाटा धरल्या. 'पॅरानोइया' (१९८४) या उपहासात्मक खेळात प्रत्येक पात्राच्या सहा प्रतिकृती असतात. एक मेली की दुसरी हजर होते. तेथे मरण स्वस्त आहे आणि ते स्वस्त असणे हाच विनोद आहे. ग्रेग स्टॅफर्डच्या 'पेंड्रॅगन' (१९८५) मध्ये सरदार म्हातारा होतो, मरतो, आणि खेळाडू त्याच्या मुलाची भूमिका घेतो. चरित्राची जागा वंशचरित्राने घेतली. 'टेन कँडल्स' (२०१५) मध्ये शेवटी सर्व पात्रे मरणार हे पहिली मेणबत्ती पेटवण्यापूर्वीच ठरलेले असते. तेथे फासा जगणे-मरणे ठरवीत नाही. मरणापर्यंतची वाट कोणी सांगावयाची, ते ठरवतो.

या सर्व पर्यायांच्या मुळाशी अधिकाराचा प्रश्न आहे. पात्राचे मरण कोणी द्यावयाचे? फाशाने, सूत्रधाराने, की ज्याचे पात्र त्याने? फाशाचा निवाडा निःपक्षपाती असतो, पण त्याला कथेचे भान नसते. सूत्रधाराला भान असते, पण त्याच्यावर लोभाचा वा आकसाचा आरोप येऊ शकतो. आणि फासा लपवून पात्राला वाचवणाऱ्या सूत्रधाराने तर साऱ्या मेजाला नकळत लिंबूटिंबू केलेले असते. खेळाडूच्या इच्छेवरच सोडले तर संकटाला धार उरत नाही. भारतीय वाचकाला येथे द्यूतसभेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. फाशात लबाडी होती की नव्हती, यावर द्रौपदीचा प्रश्न थांबत नाही. स्वतःला आधीच हरलेल्या माणसाला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार आहे काय, असे ती विचारते. म्हणजे फासा पडण्यापूर्वी पण कोणी व कोणत्या अधिकाराने लावला, हा मूळ मुद्दा आहे. मेजावरच्या खेळालाही तो तंतोतंत लागू पडतो. खेळाडूने जाणून लावलेला पण आणि त्याच्या नकळत लावला गेलेला पण, या दोहोंत फासा एकच असला तरी न्याय एक नाही.

५

आपल्या वाङ्मयपरंपरेत या प्रश्नाला मिळालेली उत्तरे एकसारखी नाहीत. धनंजयाच्या 'दशरूपका'त नायकाचा वध रंगभूमीवर दाखवू नये, इतकेच नव्हे तर त्याची वार्ताही सांगू नये, असा संकेत आहे. भासाच्या 'ऊरुभंगा'त मात्र दुर्योधन प्रेक्षकांसमोर प्राण सोडतो. मराठी रंगभूमीने गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' (१९१९) या नाटकात सिंधू व सुधाकर या दोघांचे मरण पाहिले. परंतु या सर्व ठिकाणी मरण संहितेत लिहिलेले असते. नटाला ते ठाऊक असते.

मेजावरच्या खेळाला याहून जवळचा नातलग तळकोकणात सापडतो. पारंपरिक दशावतारी खेळात कथानक ठरलेले असते, संवाद मात्र नट आयत्या वेळी रचतात. आरंभीच्या भागात वेद पळवणारा संकासुर येतो, आपल्या बोलण्याने लोकांना हसवतो आणि विष्णूच्या हातून मारला जातो. गावोगावच्या जत्रांत तो असाच मरत आला आहे. त्याचे मरण टळत नाही. पण मरण्यापूर्वी किती वेळ आणि काय बोलावयाचे, हे नटाचे असते. निश्चित मरण आणि मोकळी वाणी यांचा असा मेळ 'टेन कँडल्स'च्या कर्त्यांना वेगळ्या वाटेने गवसला. आणि संकासुर मेला तरी नट मंडळीबाहेर पडत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे.

पुनरुज्जीवनाविषयी दोन कथा उद्बोधक आहेत. पहिली कचाची, खाडिलकरांच्या 'विद्याहरणा'मुळे (१९१३) ती मराठी प्रेक्षकांच्या परिचयाची झाली. दैत्य कचाला मारतात, शुक्राचार्य संजीवनीने उठवतात. पुन्हा मारतात, पुन्हा उठवतात. या दोन मरणांनी कथेत फारसे काही बदलत नाही. तिसऱ्या वेळी कचाची राख मद्यातून शुक्राचार्यांच्याच पोटात जाते. आता शिष्याला जिवंत करावयाचे तर गुरूला मरावे लागेल. म्हणून विद्या द्यावी लागते, आणि कथा तेथून वळते. पुनरुज्जीवनाला किंमत पडली तेव्हाच त्याला अर्थ आला.

दुसरी कथा पंजाबची, पूरन भगताची. सावत्र आईच्या आरोपावरून हातपाय तोडून विहिरीत टाकलेल्या या राजपुत्राला गोरखनाथ पुन्हा धडधाकट करतात. पण परत आलेला पूरन राजपुत्र राहत नाही, जोगी होतो. पुढे चंडीगडला नोकरीस असलेल्या शिवकुमार बटालवीने 'लूणा' (१९६५) या काव्यनाट्यात ही कथा त्या सावत्र आईच्या बाजूने पाहिली; एका पात्रावर ओढवलेल्या मरणाचा हिशेब दुसऱ्या पात्राच्या आयुष्यात कसा मांडावा लागतो, हे त्यातून दिसते. सारांश, परत येणे म्हणजे पूर्वस्थितीत येणे नव्हे. ज्या खेळांत मंत्राच्या एका उच्चाराने पात्र जसेच्या तसे उठते, त्या खेळांत कचाची पहिली दोन मरणेच तेवढी घडत राहतात.

६

या विवेचनातून मेजावर बसणाऱ्यांसाठी काही सूत्रे निघतात. पहिले, मरणाचा संकेत आधी ठरवावा. आपण संजीवनी खेळत आहोत, गामिनी की अमर, हे पहिल्या बैठकीपूर्वीच सर्वांनी मिळून बोलून घ्यावे. एकाने गामिनी समजून जीव मुठीत धरावा आणि दुसऱ्याने अमर समजून बेफिकीर असावे, यातून खेळाचे नव्हे, माणसांचे भांडण उद्भवते. दुसरे, पण लावताना तो दिसला पाहिजे. येथे प्राणाशी गाठ आहे, हे सूत्रधाराने फासा टाकण्यापूर्वी स्पष्ट सांगावे. सांगितल्यावर मात्र फाशाचा निवाडा फिरवू नये. तिसरे, मरणाला वाव द्यावा. शेवटचे शब्द आणि शेवटची कृती ज्याचे पात्र त्याच्याकडे राहू द्यावी. चौथे, परत आणावयाचे तर किंमत घ्यावी. ती आकड्यांत नव्हे, कथेत. कोणी काय दिले, आणि परत आलेला आता कोण आहे, यांची उत्तरे द्यावीत.

पाचवे सूत्र सर्वांत महत्त्वाचे. पात्र मेले तरी गडी बाहेर बसता कामा नये. त्याला त्याच सायंकाळी भूमिका मिळाली पाहिजे : मृताचा भाऊ, आतापर्यंत पडद्याआड असलेला एखादा सेवक, किंवा सूत्रधाराच्या बाजूने एखादा शत्रू. आणि मेलेल्याचे नाव पुढच्या बैठकांत निघाले पाहिजे. त्याचे ऋण, त्याचे वैर, त्याचे अपुरे काम कोणाकडे तरी गेले पाहिजे. हुतूतूत बाहेर बसणे हाच मरणाचा दंड आहे, कारण तेथे गडी आणि सोंगटी एकच. कथनखेळात ती दोन आहेत. दंड पात्राने आणि कथेने सोसावयाचा, माणसाने नव्हे.

हा भेद पाळला म्हणजे मेजावर लिंबूटिंबूही उरत नाही आणि रेषेबाहेर तोंड फिरवून बसलेला गडीही. पंजाबच्या वर्तुळात झुंज संपल्यावर धावी आणि जाफी आपापल्या जागी परततात, आणि महाराष्ट्राच्या मैदानावर मेलेला गडी साथीदाराच्या चढाईकडे डोळे लावून बसतो. एका खेळाने माणसाला आत ठेवले, दुसऱ्याने मरणाला वजन दिले. मेजावरच्या कथनखेळाला या दोन्ही गोष्टी एकत्र साधावयाच्या आहेत, आणि पात्र व गडी यांतील अंतर नीट राखले तर त्या साधण्याजोग्या आहेत.