हातांत पुस्तक, पाय वाटेवर

शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें ८:२६–४०; याकोब १:२२–२५; १ तीमथ्य ४:१३–१६.

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत वाचनाविषयीं दोन चुकीचे समज आढळतात. ज्यास अक्षरओळख आहे त्यास वाटतें कीं, पुष्कळ वाचलें म्हणजे विश्वास वाढला. ज्यास ती नाहीं त्यास वाटतें कीं, आत्मिक वाढ ही शिकलेल्यांची गोष्ट आहे, ती आमच्या वांट्यास कोठून येणार? पहिल्या समजानें मनुष्य फुगतो, दुसऱ्यानें तो खचतो, आणि दोहोंनींही मंडळीची हानि होते. म्हणून पुस्तक ख्रिस्ती मनुष्यासाठीं काय करूं शकतें व काय करूं शकत नाहीं, ह्याचा विचार आपण ह्या पाठांत करूं. उदाहरणास जॉन बन्यन ह्याचें चरित्र घेतों. कारण तो पंडित नव्हता, हातांनीं काम करून भाकर मिळविणारा मनुष्य होता.

इंग्लंड देशांत बेडफर्ड शहराजवळ एलस्टो नांवाचें खेडें आहे. तेथें १६२८ सालीं बन्यनाचा जन्म झाला. बाप फुटकीं भांडीं नीट करून देण्याचा धंदा करी. पुढें मुलानेंही तोच धंदा धरिला. लहानपणीं त्यास थोडें लिहिणें-वाचणें शिकविलें होतें, परंतु तें आपण बहुतेक विसरून गेलों असें तो स्वतःच सांगतो. १६४४ सालीं त्याची आई वारली, पाठोपाठ बहीण वारली, आणि त्याच सालीं तो सैन्यांत शिरला. तेथून परत आल्यावर त्याचें लग्न झालें, तेव्हां त्या दोघांच्या संसारांत ताटली कीं चमचा एवढीही वस्तु नव्हती. परंतु पत्नीनें आपल्या देवभीरु बापाकडून मिळालेलीं दोन पुस्तकें बरोबर आणिलीं होतीं. एक साध्या मनुष्यास स्वर्गाचा मार्ग समजावून सांगणारें होतें, व दुसरें भक्तीचा नित्यक्रम शिकविणारें होतें. आमच्याकडे सून घरीं येते तेव्हां भांडीं किती व लुगडीं किती हें शेजारीपाजारी मोजतात. त्या घरीं मोजावयास दोन पुस्तकांवांचून कांहीं नव्हतें; पण पुढें त्या घरांतून जें जगास मिळालें, त्याचा आरंभ त्या दोन पुस्तकांपासून झाला.

१. पुस्तक मनुष्यास जागें करितें.

नवराबायको कधीं कधीं तीं पुस्तकें मिळून वाचीत. त्यांच्या योगानें बन्यनाच्या मनांत सुधारण्याची इच्छा उत्पन्न झाली. तो उपासनेस नेमानें जाऊं लागला. शिव्याशाप देण्याची त्याची जुनी खोड सुटली. देवळाची घंटा वाजविण्याचा व नाचण्याचा त्यास मोठा नाद होता, तोही त्यानें हळूहळू सोडिला. शेजारी आश्चर्य करूं लागले व त्याची स्तुति करूं लागले. आणि ती स्तुति त्यास गोडही वाटे. परंतु अंतःकरणांत शांति नव्हती. बाहेरून घर सारविलें होतें, पण आंत दिवा लागला नव्हता.

ह्यावरून पुस्तकांस तुच्छ मानावें असें नाहीं. निजलेला मनुष्य हांक मारल्यावांचून उठत नाहीं, आणि पुस्तक ही हांक आहे. बन्यनानें पुढें ‘यात्रिकाची वाटचाल’ सांगणारा जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्याच्या आरंभीं एक मनुष्य उभा आहे. त्याच्या अंगावर चिंध्या आहेत, हातांत पुस्तक आहे आणि पाठीवर जड ओझें आहे. पुस्तक उघडून तो वाचूं लागतो आणि वाचतां वाचतां रडूं लागतो. ओझें पुस्तकानें त्याच्या पाठीवर ठेविलें नाहीं. तें आधींच होतें. पुस्तकानें तें त्यास कळविलें. जें वाचून आमचें ओझें आम्हांस कधींच जाणवलें नाहीं, तें आम्ही डोळ्यांनीं वाचलें, अंतःकरणानें वाचलें नाहीं.

२. पुस्तकास सोबती लागतो.

एके दिवशीं बन्यन आपल्या धंद्याच्या कामानें बेडफर्डास गेला. तेथें एका रस्त्यावर तीन-चार गरीब स्त्रिया दारांत उन्हास बसून देवाच्या गोष्टी बोलत होत्या. धर्माविषयीं बोलण्यांत आपणही पटाईत आहों असें वाटून तो जवळ गेला व ऐकूं लागला. परंतु त्या जें बोलत होत्या तें त्याच्या समजुतीपलीकडचें होतें. नवा जन्म म्हणजे काय, देवानें आपल्या अंतःकरणांत काय कार्य केलें, आपली दुर्दशा आपणांस कशी कळली, ख्रिस्ताच्या प्रीतीनें मोहाच्या वेळीं आपणांस कसें सांवरलें, हें त्या एकमेकींस सांगत होत्या. आणि त्यांचा आनंद असा कीं, जणूं तो आनंदच त्यांस बोलावयास लावीत होता. बन्यनास कळून चुकलें कीं, ह्या स्त्रियांपाशीं जें आहे तें आपणांपाशीं नाहीं. तेव्हांपासून तो पुनःपुन्हां त्यांच्या संगतीस जाऊं लागला. त्यांनींच त्याची गोष्ट आपले पाळक जॉन गिफर्ड ह्यांच्या कानीं घातली, आणि पाळकांनीं त्यास जवळ करून बोध केला.

वाचकहो, ह्या गोष्टीकडे नीट लक्ष द्या. दोन पुस्तकांनीं जें झालें नाहीं, त्याचा मार्ग दारांत बसलेल्या तीन-चार गरीब स्त्रियांच्या बोलण्यानें मोकळा झाला. ज्या भगिनी म्हणतात कीं, आम्हांस वाचतां येत नाहीं, आम्ही मंडळीच्या काय उपयोगी, त्यांनीं ही गोष्ट मनांत सांठवावी. जात्यावर, विहिरीवर, शेताच्या बांधावर जर तुम्ही देवानें तुमच्यासाठीं काय केलें हें खरेपणानें सांगाल, तर कोण जवळून जात आहे व कोण ऐकत आहे हें तुम्हांस कळणारही नाहीं. त्या स्त्रियांसही त्या दिवशीं तें कळलें नसेल.

कूश देशाच्या अधिकाऱ्याचीही हीच गोष्ट आहे. तो विद्वान होता, रथांत बसून यशयाचें पुस्तक वाचीत होता, तरी कोणी वाट दाखविल्यावांचून त्याचा अर्थ त्यास लागेना. म्हणून देवानें फिलिप्पास त्या रस्त्यावर पाठविलें. ग्रंथ देवानें दिला आणि समजावून सांगणाराही देवानेंच दिला. म्हणून जो एकटाच वाचतो आणि कोणास कांहीं विचारीत नाहीं, त्यानें अर्धीच देणगी घेतली.

३. पुस्तक आपल्यासाठीं चालत नाहीं.

वर सांगितलेल्या ग्रंथांतील यात्रिकास सुवार्तिक भेटतो व दूरचा दरवाजा बोटानें दाखवितो. पुस्तकानें ओझें कळविलें, सुवार्तिकानें वाट दाखविली. पण चालावें त्याचें त्यानेंच लागलें. वाटेवर त्यास चिखलाची दलदल लागली, चढण लागली, आणि क्रूसापाशीं पोहोंचल्यावर त्याचें ओझें गळून पडलें. पुढें त्याच वाटेवर वाचाळ नांवाचा एक मनुष्य भेटतो. धर्माच्या कोणत्याही विषयावर तो वाटेल तितका बोलूं शकतो. परंतु त्याच्या घरीं प्रार्थना नाहीं, पश्चात्ताप नाहीं, आणि घरचीं माणसें त्याच्यापुढें त्रासून गेलेलीं आहेत. याकोबानें म्हटल्याप्रमाणें तो आरशांत मुख पाहून लगेच विसरून जाणारा आहे. कणगींत बीं कितीही भरलें तरी शेतांत पेरल्यावांचून पीक येत नाहीं.

बन्यन स्वतः चालला. परवानगीवांचून सभा भरवून उपदेश केल्यावरून १६६० सालीं त्यास धरिलें व तो सुमारें १२ वर्षें बेडफर्डच्या तुरुंगांत राहिला. उपदेश बंद करण्याचें कबूल केलें असतें तर तो सुटला असता. घरीं बायको व चार मुलें होतीं. त्यांपैकीं थोरली मुलगी आंधळी होती, आणि तिच्या आठवणीनें त्याचें काळीज तुटे. तुरुंगांत नाड्या तयार करून तो घरखर्चास मदत करी. त्याच्याजवळ पवित्र शास्त्र होतें आणि ख्रिस्ती हुतात्म्यांच्या वृत्तांताचें फॉक्सचें पुस्तक होतें. थोडीं पुस्तकें, पण तीं त्याच्या हाडामांसांत मुरलीं. १६७८ सालीं त्याचा यात्रिकाचा ग्रंथ छापून निघाला. १८४१ सालीं हरि केशवजी ह्यांनीं त्याचें मराठी भाषांतर ‘यात्रिकक्रमण’ ह्या नांवानें केलें, आणि तेणेंकरून एलस्टोच्या भांडीं झाळणाऱ्याची वाणी आमच्या भाषेंत आली.

४. थोडें वाचा, पण झिजेपर्यंत वाचा.

मनाच्या मोठ्या खळबळीच्या दिवसांत बन्यनास वाटे कीं, पूर्वींच्या काळच्या एखाद्या भक्तानें आपला अनुभव लिहिलेला वाचावयास मिळावा. तेव्हां गलतीकरांस पत्रावरील मार्टिन लूथराचें विवेचन त्याच्या हातीं आलें. ती प्रत इतकी जुनी होती कीं उलटतांना पानें सुटूं पाहत. शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीं लिहिलेल्या त्या पुस्तकांत त्यास आपल्याच मनाची स्थिति वर्णिलेली आढळली, आणि पवित्र शास्त्राखालोखाल तें पुस्तक त्यानें सर्वांत प्रिय मानिलें. देवानें एका भक्ताच्या दुःखांतून दुसऱ्या भक्तासाठीं औषध काढून ठेविलें होतें. चांगल्या ख्रिस्ती पुस्तकाचा खरा उपयोग हाच कीं, जे संत आम्हांस कधीं भेटले नसते, त्यांची संगति तें आम्हांस घडवितें. तथापि तीं सर्व पुस्तकें शास्त्रापुढें दासीप्रमाणें उभीं राहतील. शास्त्राच्या आसनावर त्यांनीं बसूं नये.

उपदेशक बंधूंस आमची विशेष विनंति आहे. तुम्हांस आठवड्यांत अनेक वेळां बोलावें लागतें, आणि म्हणून एक सूक्ष्म मोह तुम्हांपाशीं येतो. तो असा कीं, जें वाचावें तें दुसऱ्यास सांगण्यासाठींच वाचावें. वचन उघडलें कीं मन विचारतें, हें रविवारीं कोणास लागू करूं? असा उपदेशक सर्वांस वाढतो आणि आपण उपाशी निजतो. पौलानें तीमथ्यास वाचनाकडे लक्ष देण्यास सांगितलें, पण त्याच ठिकाणीं प्रथम स्वतःकडेही लक्ष देण्यास सांगितलें. यहेज्केलास ग्रंथपट आधीं खावयास दिला, मग लोकांकडे पाठविलें. हा क्रम उलटा करूं नका.

नेम मोठा नको. रोज दिवेलागणीनंतर घरांतील ज्यास वाचतां येतें त्यानें, मग तें शाळेंत जाणारें लेंकरूं कां असेना, शास्त्राचा लहानसा भाग मोठ्यानें वाचावा. नंतर घरांतील सर्वांत वडील मनुष्यानें, आजीनें किंवा आजोबांनीं, आपणांस काय समजलें हें सांगावें. मग सर्वांनीं एकच प्रश्न विचारावा : ह्या वचनाप्रमाणें उद्यां आपल्या घरांत काय बदललें पाहिजे? शेजाऱ्याशीं धरलेला अबोला असेल, सावकारास दिलेला शब्द असेल, सुनेस बोललेला कठोर शब्द असेल. जें निघेल तें प्रार्थनेंत देवापुढें ठेवावें आणि सकाळीं त्यास हात घालावा. गाय थोडा वेळ चरते आणि पुष्कळ वेळ रवंथ करिते. दूध त्यानें येतें. एका वर्षांत एकच शुभवर्तमान असें वाचून झालें तरी हिशेब तोट्याचा होणार नाहीं.

विचारासाठीं प्रश्न

१. बन्यनाच्या घरच्या दोन पुस्तकांनीं काय साधलें, आणि काय साधलें नाहीं?
२. बेडफर्डच्या स्त्रियांपाशीं असें काय होतें, जें त्याच्यापाशीं नव्हतें? तें आपल्यापाशीं आहे काय?
३. फिलिप्पाप्रमाणें वचन समजावून सांगण्यासाठीं देवानें आपल्या गांवीं कोणास ठेविलें आहे? आपण त्यांस शेवटचें केव्हां कांहीं विचारिलें?
४. गेल्या महिन्यांत वाचलेल्या किंवा ऐकलेल्या कोणत्या वचनाप्रमाणें आपण चाललों?

ज्यानें आपलें वचन आम्हांस दिलें, तोच तें समजण्यास मन, सांगण्यास सोबती, आणि त्याप्रमाणें चालण्यास पायांस बळ देवो. आमेन.